जाम टायरॉड एंड काढायचा स्क्रूवाला पुलर: एक अख्खा पावसाळा वापरून

रत्नागिरीसारख्या खाऱ्या हवेत जुनी मारुती ८०० सांभाळायची असेल, तर पान्यांच्या सेटनंतर लगेच बॉल जॉइंट पुलर (रुतलेला जॉइंट रेटून सोडवणारं हत्यार) घ्या, असं मी आता बेधडक सांगतो. मार्चमध्ये घेतला. घरची ८००, मेव्हण्याची ओम्नी आणि शेजारच्या काकांची झेन, तिन्ही गाड्यांचे टायरॉड एंड (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचे बॉल जॉइंट) त्यावर निघाले आणि एकही चांगला बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटला नाही.

बूट वाचतो हेच या हत्याराचं खरं मोल. गॅरेजमध्ये सर्रास दोन दातांचा फोर्क ठोकतात. जॉइंट सुटतो, पण रबराच्या चिंध्या होतात. जॉइंट बदलायचाच असेल तर काही बिघडत नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या) कामासाठी चांगला जॉइंट सोडवायचा असेल, तर मात्र त्याच फाटक्या बुटातून पाणी-माती आत जाते आणि थोड्याच दिवसांत खडखड सुरू होते.

नट काढला तरी जॉइंट का निघत नाही, हे कळलं की अर्धं काम झालं. स्टड (जॉइंटचा आटेवाला दांडा) निमुळता, नकलच्या (चाक धरणाऱ्या लोखंडी भागाच्या) आर्ममधलं भोकही निमुळतं. नट आवळला की दोन्ही एकमेकांत रुततात आणि नट सोडल्यावरही रुतलेलेच राहतात. वर गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून जुन्या गाडीत पकड आणखी घट्ट.

माझा पुलर दोन जबड्यांचा आहे. एक फाटा बूट आणि आर्मच्या मधे सरकतो, दुसरा जबडा स्टडच्या टोकावर बसतो, मागचा बोल्ट आवळला की पुढचे जबडे मिटतात. आधी गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर अजिबात नको. स्प्लिट पिन (नट सैल होऊ न देणारी दुपाखी पिन) काढून नट सोडा, पण पूर्ण काढू नका. स्टडच्या टोकाशी सपाट येईल इतका ठेवा. आटे वाचतात आणि जॉइंट उडून अंगावर येत नाही. बोल्टवर चांगला ताण आला की आणखी रेटू नका. आर्मच्या भोकाच्या कडेला हातोड्याचा एक सणसणीत घाव घाला. बंदुकीच्या बारासारखा आवाज होतो आणि जॉइंट मोकळा! तोंड मात्र बाजूला ठेवा.

तक्रारीही आहेत. बोल्ट कोरडाच आला होता. ग्रीस न लावता आवळला तर त्याचेच आटे जातील. इम्पॅक्ट गन तर लावूच नका. फाट्याची धार जाड होती, ग्राइंडरवर थोडी उतरवून घेतली, आता बुटाला न चावता सरकतो. काळा मुलामा पावसाळ्यात उडाला, म्हणून काम झालं की तेलाचा हात फिरवतो.

८००च्या लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या आर्मच्या) बॉल जॉइंटसाठी मात्र हा घेऊ नका. तिथला स्टड निमुळता नाही, तो नकलमध्ये आडव्या बोल्टने चिमटलेला आहे. तो बोल्ट स्टडच्या खाचेतून जातो, त्यामुळे नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. मग नकलच्या फटीत छिन्नी घालून ती किंचित उघडायची आणि पहारीने लोअर आर्म खाली दाबायचा.

टायरॉडच्या आट्यांवरचा चेक नटही (एंड फिरू नये म्हणून आवळलेला नट) तितकाच हट्टी. तो जॉइंट जागेवर असतानाच सैल करा, मोकळा टायरॉड हातात फिरत बसतो. पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) आदल्या रात्रीच मारा. गॅसची ज्योत फक्त फेकायच्या एंडवर, आणि स्टिअरिंग रॅकचा रबरी बूट जवळ आहे हे लक्षात ठेवून. एंड काढताना आटे मोजा, नवा तितकाच फिरवून बसवा. तरी व्हील अलाइनमेंट करावीच लागते.

परत बसवताना स्प्लिट पिन नवी घाला. भोक जुळत नसेल तर नट आणखी आवळून जुळवा, मागे सोडून कधीच नको.