राईट-टू-वर्क: निर्णय राज्याचा की काऊंटीचा?

अमेरिकेतल्या राईट-टू-वर्क (‘कामाचा हक्क’) कायद्याचा रोजगार हमीशी काही संबंध नाही. नोकरी टिकवायची तर युनियनला पैसे द्यावेच लागतील, अशी अट मालक आणि युनियन यांच्या करारात घालता येणार नाही, एवढंच तो सांगतो. पण ज्याने छदाम दिला नाही, त्याचीही बाजू युनियनला मांडावीच लागते. केंद्रीय कायद्याने ती त्या कामाच्या ठिकाणच्या सगळ्या कामगारांची प्रतिनिधी असते. भांडणाचं मूळ हेच.

१९४७च्या टाफ्ट-हार्टली या केंद्रीय कामगार कायद्याने असा कायदा करायची मुभा राज्यांना दिली. आज २६ राज्यांत तो लागू आहे. काऊंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा भाग) किंवा शहराचं नाव ही मुभा देणाऱ्या कलमात नाही, आणि अमेरिकेत मतदान करणाऱ्या कुणालाही या विषयावर मत बनवायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

काऊंटीच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण केंटकी राज्याचं. राज्याचं कनिष्ठ सभागृह डेमोक्रॅट पक्षाकडे होतं, तिथे कायदा पुढे सरकत नव्हता. डिसेंबर २०१४मध्ये वॉरन काऊंटीने स्वतःच नियम केला. पाठोपाठ हार्डिन आणि इतर काऊंट्याही आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: कारखान्यासाठी जागा शोधणाऱ्या कंपन्या राईट-टू-वर्क नसलेल्या जागा यादीतून आधीच वगळतात, राजधानीतल्या राजकारणापायी आम्ही का खोळंबायचं? युनियन कोर्टात गेल्या आणि २०१६च्या फेब्रुवारीत जिंकल्या. नोव्हेंबरमध्ये सहाव्या सर्किटच्या, म्हणजे केंटकी, ओहायो आणि आणखी काही राज्यांसाठीच्या केंद्रीय अपील कोर्टाने निकाल फिरवला: काऊंटी हा राज्याचाच हिस्सा, तेव्हा राज्याला मिळालेली मुभा तिलाही वापरता येते.

गंमत म्हणजे त्याच्या महिनाभर आधी केंटकीच्याच सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराला स्वतःचं किमान वेतन ठरवायला मनाई केली होती. म्हणजे वेतन वाढवायचं तर स्थानिक अधिकार नाही, युनियनची वर्गणी ऐच्छिक करायची तर आहे. दोन्ही बाजूंचं ‘स्थानिक स्वराज्या’वरचं प्रेम किती सोयीचं असतं, ते इथे कळतं. जानेवारी २०१७मध्ये राज्यानेच कायदा केला आणि काऊंट्यांच्या नियमांना काही अर्थ उरला नाही.

दुसरीकडे इलिनॉय राज्य. गव्हर्नर ब्रूस राऊनर यांना राज्यभर कायदा करणं जमेना, म्हणून त्यांनी गावोगावी असे ‘झोन’ करायचा आग्रह धरला. डिसेंबर २०१५मध्ये लिंकनशायर या गावाने नियम केला. २०१८मध्ये सातव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो रद्दच ठरवला: मुभा राज्याला आहे, गावाला नाही. हा निकाल मला जास्त पटतो. इलिनॉयमध्ये १०२ काऊंट्या आहेत, शहरं-गावं वेगळीच. दोन-तीन काऊंट्यांत शाखा असलेल्या कंपनीने एकच करार कसा करायचा? रस्त्याच्या अल्याड वर्गणी सक्तीची, पल्याड ऐच्छिक! २०१९मध्ये राज्याने अशा स्थानिक नियमांवर बंदीच घातली, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सातव्या सर्किटचा निकाल निरर्थक झाला म्हणून बाजूला ठेवला. त्यामुळे देशभरासाठी अंतिम उत्तर अजून मिळालेलं नाही.

न्यू मेक्सिकोतही तेच झालं. २०१८-१९मध्ये सँडोव्हलसह अनेक काऊंट्यांनी नियम केले, २०१९मध्ये राज्याने एका कायद्याने ते पुसले. डेलावेअरमध्ये सीफर्ड शहराचंही असंच झालं.

म्हणजे काऊंटीचा मार्ग झटपट आहे, पण राज्याच्या मर्जीवर तगतो. राज्याचा कायदाही कायमचा नसतो. मिशिगनने २०१२चा कायदा २०२३मध्ये मागे घेतला. पण काही राज्यांत राज्यपातळीवर लोकांना थेट बोलता येतं. मिझूरीत विधिमंडळाने केलेला कायदा युनियननी सह्या गोळा करून मतदानाला नेला आणि २०१८मध्ये सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी तो फेटाळला. एवढी मोठी, उघड चर्चा काऊंटीच्या बैठकीत होत नाही.

ओहायोत असाल तर काऊंटीचा प्रश्न निव्वळ पुस्तकी नाही, कारण तिथे राज्याचा राईट-टू-वर्क कायदा नाही आणि सहाव्या सर्किटचा निकाल लागू आहे. मत देण्याआधी, राज्याने काऊंटीला असे नियम करण्याचा अधिकार दिला आहे का, ते पाहा. आणि तुमची नोकरी यात येते का, तेही. सरकारी नोकरांची सक्तीची वर्गणी सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८च्या जेनस निकालाने देशभर संपली आहे. रेल्वे आणि विमान कंपन्यांना वेगळा केंद्रीय कायदा आहे. तिथे राज्याचाही राईट-टू-वर्क कायदा चालत नाही, मग काऊंटीचा कुठून चालणार?