अंब्रेलातला हॉलिडे पे, आणि त्याआधीची माझी लिमिटेड : दोन्ही वापरून झाल्यावरचा अनुभव

कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि अंब्रेला कंपनीने (एजन्सीकडून आपल्या कामाचे पैसे घेऊन आपल्याला नोकर म्हणून पगार देणारी कंपनी) माझा साठलेला हॉलिडे पे, म्हणजे सुट्टीचे पैसे, अडवला. ते भांडण नुकतंच मिटलंय, म्हणून हे लिहायला बसले. इंग्लंडमध्ये आयटीत कॉन्ट्रॅक्टिंग करणारे चार मराठी लोक एकत्र आले की ‘लिमिटेड की अंब्रेला’ हा विषय निघतोच, आणि कोणीतरी ‘अर्थात लिमिटेड’ म्हणून तो मिटवून टाकतं. मी आधी काही वर्षं लिमिटेड, म्हणजे स्वतःची कंपनी, चालवली, मग अंब्रेलात आले. आता मला ते इतकं सरळ वाटत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे निवड पुष्कळदा आपल्या हातात नसतेच. एप्रिल 2021 पासून खासगी क्षेत्रातसुद्धा मोठा किंवा मध्यम क्लायंट असेल तर आयआर35चं (कॉन्ट्रॅक्टर खरा व्यावसायिक की करापुरता नोकर, हे ठरवणारा नियम) स्टेटस तोच ठरवतो. मी ज्या बँकेत होते तिथे आमची सगळी टीम इनसाइड, म्हणजे करापुरती नोकरच, ठरली. एजन्सीने तीन-चार अंब्रेलांची यादी पाठवली, यातली एक निवडा म्हणून. इनसाइड असताना लिमिटेड धरून बसण्यात अर्थ नव्हता. टॅक्स आणि एनआय (नॅशनल इन्शुरन्स) कापूनच पैसे कंपनीत येतात, आणि अकाउंटंटची फी आपल्या माथी राहते ती राहतेच.

अंब्रेलाची पेस्लिप दोन भागांत येते. खालचा भाग नेहमीच्या पगारासारखा. खरा हिशेब वरच्या भागात असतो, आणि तो बरेच जण बघतच नाहीत. 500 पौंड डे रेट धरला तर आठवड्याचे 2,500 येतात. त्यातून अंब्रेलाची फी, म्हणजे 20 पौंड मार्जिन, जातं. मग मालकाचा एनआय : एप्रिल 2025 पासून तो 15 टक्के झाला आणि वर्षाला 9,100 ऐवजी 5,000 पौंडांच्या वरच लागू लागला. आठवड्याला हे साधारण 310 पौंड. अप्रेंटिसशिप लेव्ही या मालकावरच्या आणखी एका कराचे अकरा. उरतात 2,160 आणि हा झाला तुमचा ग्रॉस. त्यावर तुमचा टॅक्स, तुमचा एनआय. हातात येतात साडेचौदाशेच्या आसपास. मालकाचा एनआय आपल्याच रेटमधून जातो हे पाहून मला सुरुवातीला फसवल्यासारखं वाटलं होतं. पण त्यात बेकायदा काही नाही. एजन्सी सांगते तो असाइनमेंट रेट असतो, पगार नव्हे. म्हणून फोनवर रेट ऐकला की पहिला प्रश्न हाच विचारायचा : हा अंब्रेला रेट की पीएवायई रेट (म्हणजे मालकाचे खर्च आधीच वजा केलेला, थेट पगाराचा)?

आता हॉलिडे पे. वर्षाला 5.6 आठवडे सुट्टी हा कायद्याने दिलेला हक्क आहे. 52 मधून 5.6 वजा केले की 46.4 उरतात, आणि 5.6 ला 46.4 ने भागलं की 12.07 टक्के. हा आकडा पेस्लिपवर दिसतो. वरच्या उदाहरणात 2,160 पैकी सुमारे 233 पौंड हॉलिडे पे आहे. हे अंब्रेलाने दिलेले जास्तीचे पैसे नाहीत. ते आपल्याच रेटमधले आहेत. ते दर आठवड्याला पगाराबरोबर घ्यायचे की साठवत ठेवायचे, एवढंच ठरवायचं असतं. मी साठवायचं ठरवलं, कारण डिसेंबरमध्ये पुण्याला जायचं होतं, चार तिकिटं काढायची होती, आणि तिथे असताना खात्यात काहीतरी येत राहावं असं वाटत होतं. कॉन्ट्रॅक्ट वाढत गेलं, जाणं लांबलं, रक्कम फुगत गेली.

काम संपल्यावर पोर्टलवर बघते तर हॉलिडे पेच्या चौकटीत शून्य. ‘तुमचं लीव्ह इयर (रजेचं वर्ष) मागच्या महिन्यात संपलं, न वापरलेली रजा लॅप्स झाली,’ असं उत्तर आलं. लीव्ह इयर संपत आल्याचं एका ओळीनेही कुणी कळवलं नव्हतं. फोन केला की पेरोल म्हणे काँप्लायन्सशी बोला, आणि काँप्लायन्स म्हणे पेरोलशी. रजा घ्यायला सांगायची आणि ती बुडेल हे बजावायची जबाबदारी मालकाची असते, आणि नोकरी सोडताना शिल्लक रजेचे पैसे द्यावेच लागतात, असं मी लेखी कळवलं. ॲकस या मालक-कामगारांचे वाद मिटवणाऱ्या सरकारी संस्थेकडे अर्ली कन्सिलिएशनला (कोर्टाआधीच्या समेटाला) जाईन हेही लिहिलं. ती सेवा फुकट आहे, हे लक्षात ठेवा. त्यानंतर पैसे आले. पण पी45 (नोकरी सोडल्याचा कराचा कागद) आधीच निघालेला असल्यामुळे त्यांवर 0टी कोड लागला, म्हणजे करमुक्त रकमेचा काडीचा फायदा नाही. जास्तीचा कापलेला टॅक्स एचएमआरसीकडून (कर खात्याकडून) परत मिळवणं आता माझ्या मागे लागलंय. वीस पौंड मार्जिन कशाचं घेतात, हा राग अजून गेलेला नाही.

एवढं होऊनही अंब्रेला वाईटच, असं मी म्हणणार नाही, आणि याला कारण पेन्शन. सॅलरी सॅक्रिफाइसमधून, म्हणजे पगाराचा काही भाग सोडून, ती रक्कम पेन्शनमध्ये वळवली की तिच्यावरचा मालकाचा एनआयही वाचतो, आणि चांगली अंब्रेला ती बचत पूर्ण तुमच्या पेन्शनमध्ये टाकते. उत्पन्न 1,00,000 पौंडांच्या वर गेलं की करमुक्त रक्कम कमी होत जाते आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर ही पाळणाघराच्या खर्चातली सरकारी मदतही जाते. पाळणाघराची फी भरणाऱ्यांना हे काय आहे ते सांगायला नको. माझी मुलगी तीन वर्षांची आहे, त्यामुळे मला हे पेन्शन फार उपयोगी पडलं. लिमिटेडमधूनही कंपनी पेन्शन भरू शकते, पण अंब्रेलात मला एक फॉर्म भरण्यापलीकडे काही करावं लागलं नाही. एप्रिल 2029 पासून वर्षाला 2,000 पौंडांच्या वरच्या सॅक्रिफाइसवर एनआय लागणार आहे, तोवर तरी हे चालेल.

मग लिमिटेडचा फायदा किती? याच रेटने 46 आठवडे काम आणि आउटसाइड (आयआर35च्या बाहेरचं) कॉन्ट्रॅक्ट धरून 2025-26च्या दरांनी मी हिशेब मांडला. 12,570 पगार, 19 ते 25 टक्क्यांच्या मधला कॉर्पोरेशन टॅक्स, उरलेलं सगळं डिव्हिडंड. अकाउंटंट आणि इन्शुरन्स वजा जाता अंब्रेलापेक्षा पाचेक हजार पौंड जास्त हातात राहतात. एप्रिल 2026 पासून डिव्हिडंडवर 8.75 ऐवजी 10.75 आणि 33.75 ऐवजी 35.75 टक्के, म्हणजे त्यातलेही दीडेक हजार गेले. पैसे कंपनीतच ठेवून पुढच्या वर्षी काढता येतात, नवरा किंवा बायको शेअरहोल्डर असेल तर फरक आणखी वाढतो, हे खरं. पण व्हॅट रिटर्न, कन्फर्मेशन स्टेटमेंट (कंपनीची माहिती दर वर्षी सरकारला कळवणं), अकाउंट्सची नऊ महिन्यांची मुदत या कामांत माझे रविवार जायचे, तेही मोजायला हवेत.

सरळ टोपी घालणाऱ्या अंब्रेला मात्र वेगळ्याच. ‘हातात 85 टक्के’ असं सांगणारी अंब्रेला भेटली तर फोन ठेवा. पगाराचा काही भाग कर्ज म्हणून देणाऱ्या असल्या योजनांत शिरलेल्या हजारो लोकांवर पुढे त्या कर्जांवरचा कर, म्हणजे लोन चार्ज, बसला, आणि तो कामगारांनाच भरावा लागला.

माझी कंपनी सध्या डॉर्मंट (व्यवहार थांबलेली) आहे. तिचंही कन्फर्मेशन स्टेटमेंट भरावं लागतं, आणि त्याची फी 34 वरून 50 पौंड झालीय. तरी ती बंद करणार नाही. आउटसाइड काम सहा महिन्यांहून मोठं असेल तर लिमिटेड पुन्हा सुरू करीन. इनसाइड असेल तर अंब्रेलाच, पण सही करण्याआधी ‘की इन्फर्मेशन डॉक्युमेंट’ (काय काय कापून हातात किती येईल ते दाखवणारा कागद) मागवून घेईन, लीव्ह इयर कधी संपतं ते लेखी विचारीन, आणि हॉलिडे पे दर आठवड्याला पगारातच घेऊन स्वतःच्या सेव्हिंग्ज खात्यात टाकीन.