पहिली सायकल शर्यत: साताऱ्यातल्या नवख्याने फी कशावर खर्च करावी

आधी निकाल सांगतो. सातारा, वाई, कोरेगाव पट्ट्यात राहणाऱ्या, जुनी का होईना पण गिअरची सायकल असलेल्या आणि खिसा बेताचा असलेल्या माणसाने पहिली शर्यत म्हणून घाटचढाईच निवडावी. त्यातही स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडणारी. सगळ्यांना एकदम सोडणारी सपाटीची शर्यत दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

कारण साधं आहे. सपाटीवर ताशी ३५ च्या वेगाने घोळका निघाला की पुढच्याच्या आडोशाला राहणाऱ्याची पाव ते एक तृतीयांश ताकद वाचते. म्हणून सगळे एकमेकांना चिकटून चालवतात. आपलं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासलं, तर पुढचा सहसा सावरतो आणि मागचा आडवा होतो. घोळक्यात चालवण्याची सवय आठ-दहा जणांसोबत महिनोन्‌महिने फिरून लागते. फी भरली म्हणून ती अंगात येत नाही. चढावर ताशी १० चा वेग असतो, वाऱ्याला फार काही म्हणायचं नसतं, आणि कार्बनच्या महागड्या चाकांचा फायदाही तिथे जवळजवळ संपतो. माणूस आणि सायकल मिळून ८० किलो असतील, तर अर्धा किलो कमी केल्याने चाळीस मिनिटांच्या चढाईत पंधरा सेकंद वाचतात. त्या अर्ध्या किलोसाठी हजारो रुपये मोजण्यात अर्थ नाही.

शिवाय सरावाचा खर्च शून्य. समर्थ मंदिराच्या पुढे यवतेश्वरचा घाट दारात आहे, आणि वाईकरांना पसरणीचा. पसरणी घाट अकरा-बारा किलोमीटरचा, वाईपासून पाचगणीपर्यंत पाचशेहून जास्त मीटरची चढण, म्हणजे सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास. नवख्याला यापेक्षा चांगली शाळा नाही. फक्त पावसाळ्यात कडेला शेवाळ धरतं, दरडीचे दगड येतात आणि धुक्यात समोरची गाडी दिसत नाही. यवतेश्वरच्याच वाटेने कास पठाराची फुलं बघायला सप्टेंबरमध्ये गर्दी होते, ते दिवसही सरावातून वगळा.

आता फीबद्दल. टी-शर्ट, मेडल आणि नाश्ता यांवरून शर्यत पारखू नका. आयोजकांना फोन करून विचारा की शर्यतीच्या वेळेत घाट बंद असेल की एकेरी, आणि परवानगी कुणाची आहे. रुग्णवाहिका वर उभी राहणार की खाली? ती निदान एक तरी वर हवी. वेळ आपोआप नोंदणाऱ्या चिपवर घेणार की हातातल्या घड्याळावर? एकेक सोडणार असतील तर घड्याळही चालतं, एकदम सोडणार असतील तर चिप हवीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संपल्यावर खाली कसं आणणार? थकलेल्या माणसांना आपापलं उतरू देणारी शर्यत मी दोन पायऱ्या खाली धरतो. सायकली टेम्पोत आणि माणसं बसमध्ये, किंवा पुढे पायलट गाडी ठेवून गटागटाने उतार, यातलं काही असेल तर शे-दोनशे रुपये जास्त द्यायला हरकत नाही. टी-शर्टशिवायची स्वस्त फी आहे का, तेही विचारा. गटही बघून घ्या. रोड (बारीक टायरची), एमटीबी (जाड टायरची डोंगरी) आणि हायब्रिड (दोन्हींच्या मधली) अशा सायकलींचे गट वेगळे नसतील तर एमटीबीवाल्याने निकालाकडून आशा ठेवू नये.

बीआरएम, म्हणजे लांबचं अंतर ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची सायकल फेरी, हा दुसरा पर्याय बरेच जण सुचवतात. फीच्या मानाने तो उत्तम आहे, पण ती शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, वाटेत ठरलेल्या ठिकाणी (कंट्रोलवर) नोंद, क्रमांक कुणालाच नाही. दिवे आणि चमकणारं जॅकेट लागतं, आणि पंक्चर झालं तर आपलं आपणच काढायचं. दम किती आहे हे कळतं, वेग कळत नाही. सांगली-मिरज-तासगावकडची सपाट शर्यत ऊसतोडीच्या हंगामात असेल तर जरा थांबा. ऊस चालू असताना ट्रॉल्यांमधून पडलेली कांडी रस्त्यावर चिरडून निसरडी होते, आणि पहाटे तर ती दिसतही नाही. खंबाटकीसारख्या महामार्गावरच्या घाटात वाहतूक चालू ठेवून घेतलेली शर्यत मात्र फुकट असली तरी नको.

टी-शर्टात वाचलेला पैसा सायकलीत घाला, तोही नेमक्या दोन जागी. पहिली जागा गिअर. पुढच्या दोन चकत्या ५० आणि ३४ दातांच्या आणि मागच्या ११ ते २८ दातांच्या असतील, तर सगळ्यात हलक्या गिअरवर पॅडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटर जाते. घाटात ताशी ८ चा वेग पडला की पाय मिनिटाला ५२ फेऱ्यांवर येतात आणि गुडघे बोलू लागतात. मागची सगळ्यात मोठी चकती ३२ दातांची लावली की त्याच वेगाला ६० फेऱ्या मिळतात. आठ स्पीडची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) आणि चेन मिळून साधारण दोन-अडीच हजारांत बसतात. दुकानात आधी मागच्या डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा तेवढे दात पेलतो का ते बघून घ्या, आणि चेन जुन्याच लांबीची ठेवू देऊ नका. आखूड चेनवर पुढची-मागची दोन्ही मोठ्या चकत्या पडल्या की डिरेलर खेचला जाऊन तो ज्याला टांगलेला असतो तो हँगर तुटतो, तोही चढावरच.

कॅसेट न बदलता जुनी चेन ठेवणार असाल तर फूटपट्टी लावा. पिनेच्या मध्यापासून मोजून चोवीस कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. दीड मिलिमीटर जास्त भरल्या तर चेन बदला. तीन मिलिमीटर भरल्या तर कॅसेटही गेली समजा, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन जोर लावताच घसरते.

दुसरी जागा ब्रेक. चाक काढून ब्रेक शू उलटा करून उजेडात धरा. रबरात चमकणारे बारीक ठिपके दिसतील. ते रिमचेच अॅल्युमिनियमचे कण असतात, तेच रिम कुरतडतात. सुईने उकरून काढा आणि वरचा चकचकीत थर पॉलिश पेपरने घासा. रबरातल्या खाचा झिजून मिटत आल्या असतील तर नवे जोड घ्या, पाचशेच्या आसपास मिळतात. लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल ओढून घ्या. टायरमध्ये १२० पौंड हवा भरायची खोड सोडा. पासष्ट-सत्तर किलोच्या माणसाला २५ मिलिमीटर रुंद टायरला ८५-९० पौंड पुरे, २८ च्याला ७०-७५. हेल्मेटवर मात्र काटकसर नको.

शर्यतीच्या दिवशी वीस मिनिटं सपाटीवर चालवून पाय गरम करा. तासाच्या आतल्या चढाईला एकच अर्ध्या लिटरची बाटली न्या, दुसरी म्हणजे अर्धा किलो ओझं. पहिल्या एक तृतीयांशात दोन-चार शब्द बोलता येतील इतकाच जोर लावा. बहुतेक नवखे पहिल्या किलोमीटरलाच फुटतात आणि शेवटी उभं राहून ओढत बसतात.

उतार स्वतः उतरायचा असेल तर घामेजल्या छातीशी वर्तमानपत्राची घडी घाला, हात हँडलच्या खालच्या वळणावर ठेवा. ब्रेक सतत धरून ठेवला की रिम तापते आणि आतली ट्यूब फुटते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक जोरात दाबा आणि वळणात शिरताना सोडा. रिमजवळून जळका वास आला तर कडेला थांबून पाच मिनिटं चाक निवू द्या, त्यावर पाणी ओतू नका.