युरोग्लोबलमॅप: सीमेवर जुळतो, घनतेत मार खातो

नागपुरात बसून युरोपातल्या गिऱ्हाइकांचं जीआयएसचं, म्हणजे संगणकावरच्या नकाशांचं, काम करायचं तर पायाभूत नकाशा कुठला घ्यायचा, हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. युरोग्लोबलमॅप हा युरोपभरचा डिजिटल नकाशा हे त्याचं एक उत्तर आहे. सगळ्या कामांना मात्र ते चालत नाही.

युरोजिओग्राफिक्स ही युरोपातल्या राष्ट्रीय नकाशा आणि जमीन-नोंदणी संस्थांची संघटना, कचेरी ब्रुसेल्सला. फ्रान्सची आयजीएन, जर्मनीची बीकेजी अशा संस्था आपापल्या देशाचा तुकडा एका ठरलेल्या साच्यात देतात. ते तुकडे जोडून १:१०,००,००० प्रमाणाचा हा नकाशा बनतो. सीमा, रस्ते, रेल्वे, नद्या, वस्त्या, गावांची नावं सगळं त्यात आहे. पैसे लागत नाहीत, श्रेय द्यावं लागतं.

त्याची खरी किंमत जोडकामात आहे. ते किती किचकट असतं हे विदर्भात वेगळं सांगायला नको. तोतलाडोहचा जलाशय महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्हींत पसरलाय. अलीकडचा थर ‘एव्हरेस्ट’ या जुन्या डेटमवरच्या (डेटम म्हणजे निर्देशांक ज्यावरून मोजतात तो पृथ्वीच्या आकाराचा संदर्भ) टोपोशीटवरून, म्हणजे छापील सर्वेक्षण-नकाशावरून, काढलेला आणि पलीकडचा जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ या डेटममधला असेल, आणि डेटम न बदलता दोन्ही शेजारी ठेवले, तर काठ शे-दीडशे मीटर सरकतो. एकाने पावसाळ्यानंतरची प्रतिमा वापरली आणि दुसऱ्याने मे महिन्यातली, तर जलाशयाचा आकारही जुळत नाही. त्यात ७८ अंश रेखांशापाशी यूटीएम या मीटरांतल्या निर्देशांक-पद्धतीचा पट्टा बदलतो: अमरावती ४३ मध्ये, नागपूर ४४ मध्ये. युरोपात हीच डोकेदुखी देशादेशांत आहे, आणि भाषा वेगळ्या.

तिथे क्रम पक्का ठेवतात. आधी दोन्ही देशांनी मान्य केलेली एकच सीमारेषा घ्यायची. मग रस्ता, रेल्वे किंवा नदी ती रेषा जिथे ओलांडते तिथे जोडबिंदू ठरवायचा. दोन्हीकडची टोकं त्या बिंदूवर आणायची आणि शेवटी रस्त्याचा वर्ग, नाव वगैरे माहिती जुळवायची. क्रम उलटवून आधी टोकाला टोक चिकटवलं, तर पुढे सीमारेषा बदलताच जोड भलत्याच देशात पडतो आणि मधे बारीक पाचरी उरतात. राज्यांच्या सीमेवर काम करणाऱ्यांनी निदान हा क्रम तरी उचलावा.

जोड तपासणं सोपं आहे. क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये रस्त्यांचा थर उघडा, शेजारच्या दोन देशांच्या रेषा वेगळ्या काढा, दोन्हींचे पहिले आणि शेवटचे शिरोबिंदू काढा आणि सीमेलगतच्या बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर मोजा. शून्य आलं तर जोड बरोबर. काही मीटर आलं तर तिथे टोक लटकतंय आणि नेटवर्क विश्लेषण (रस्त्यांच्या जाळ्यातून वाट काढणं) तिथेच तुटणार.

आता खड्डे. देशाचा संकेत ‘आयसीसी’ या रकान्यात असतो, पण सामायिक सीमारेषेला तिथे दोन्ही संकेत मधे # घालून येतात. जर्मनी-पोलंड सीमेला ‘डीई#पीएल’. म्हणून ‘डीई बरोबर’ असा फिल्टर लावला की जर्मनीची जमिनीवरची हद्दच गायब होते. तिथे ‘डीई असलेले सगळे’ असा फिल्टर हवा.

वस्त्यांच्या लोकसंख्येत माहिती नसेल तिथे रिकामी जागा नसते, उणे २९९९९ सारखा खुणेचा आकडा असतो. तो न काढता बेरीज केली तर काही जिल्ह्यांची लोकसंख्या उणे येते. तेव्हा चूक दिसते तरी. सरासरीत ती दबून राहते, आणि तेच जास्त वाईट.

निर्देशांक ईटीआरएस८९ या युरोपच्या डेटममध्ये, अंशांत आहेत. नागपूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश साधारण १०४ किमी भरतो, ओस्लो-हेलसिंकीच्या पट्ट्यात ५६ किमीच. अंशांत बफर (ठरावीक अंतराचा घेर) काढला तर तिथे तो पूर्व-पश्चिम निम्मा आवळतो. क्षेत्रफळासाठी ईपीएसजी ३०३५ या क्रमांकाच्या, क्षेत्रफळ राखणाऱ्या प्रक्षेपणावर आणा, छापील नकाशाला ३०३४ बरं. डब्ल्यूजीएस ८४ शी फरक मीटरभरही नाही, या प्रमाणावर तो सोडून द्या.

उंचीच्या बाबतीत मात्र कुणावर विसंबू नका. प्रत्येक देशाचा समुद्रपातळीचा संदर्भ वेगळा. लाउफेनबुर्गला जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या मधल्या पुलाच्या वेळी दोन संदर्भांतला २७ सेंमीचा फरक माहीत होता, पण दुरुस्ती उलट्या चिन्हाने केली गेली आणि तफावत ५४ सेंमी झाली. २००३ ची गोष्ट.

सगळ्यात मोठी तक्रार घनतेची. निवडीचे निकष लेखी असले तरी एक संस्था ओढ्यांपर्यंत उतरते आणि शेजारची मोठ्या नद्यांवर थांबते. नदी सीमेवर नीट जुळते, पण रंगवलेल्या नकाशात सीमा ओलांडताच नद्या विरळ होतात आणि बघणाऱ्याला तिथे पाणी कमी आहे असं वाटतं. नद्यांच्या लांबीवरून देशांची तुलना या नकाशावर करूच नका. नुसता दिसायला हवा असेल तर लहान नद्या गाळून दोन्ही बाजू सारख्या करा.

खंडभराचे नकाशे, सीमापार रेल्वे-रस्त्यांचा ढोबळ आराखडा, शिकवणं, एवढ्यासाठी आम्ही हाच घेऊ. शहराचं काम, पत्ता शोधणं, गाडीचा मार्ग काढणं यासाठी नाही: छापील ०.२ मिमी म्हणजे जमिनीवर २०० मीटर. त्याहून बारीक हवं असेल तर त्याच संघटनेचा १:२,५०,००० चा युरोरीजनलमॅप आहे. तो घेण्याआधी तुम्हाला हव्या त्या देशांचे थर त्यात आहेत का आणि परवाना काय म्हणतो, ते पाहून घ्या.