विटा फोडण्याचा खेळ: गेमबॉयवर करावा की प्लेडेटवर?

खालची फळी डावी-उजवीकडे सरकवून चेंडू उडवायचा आणि वरच्या विटा फोडायच्या, असा हा एकच खेळ मी गेमबॉय (निन्टेंडोचे जुने हातात धरायचे खेळयंत्र) आणि प्लेडेट (बाजूला हँडल असलेले छोटे नवे खेळयंत्र) या दोन्हींसाठी लिहायला घेतला होता, त्या अनुभवावर पुढील मत बेतलेले आहे.

गेमबॉयचा १६० बाय १४४ ठिपक्यांचा पडदा या खेळासाठी मापून काढल्यासारखा वाटतो. आठ बाय आठच्या दोन चौकटींची एक वीट धरली, तर ओळीत बरोबर १० विटा बसतात, आणि वीट फुटली की त्या दोन चौकटी पुसल्या की काम भागते. यंत्राला अपूर्णांक येत नाहीत, त्यामुळे चेंडूचे स्थान १६ बिटांत ठेवून खालचे ८ बिट अपूर्णांकासाठी राखावे लागतात. सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा येणाऱ्याला ते जड जाऊ नये.

मला अडवले ते फळीने. २४ ठिपक्यांच्या फळीला सरकायला १३६ ठिपके उरतात. प्रत्येक फ्रेमला (पडद्यावर सेकंदाला सुमारे ६० चित्रे उमटतात, त्यांतले एक) २ ठिपके सरकवली, तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायला ६८ फ्रेम, म्हणजे सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो, आणि चेंडू तेवढी वाट पाहत नाही. ४ ठिपके केले, तर कडेने मारायचा नेम हमखास चुकतो. बटण दाबून धरल्यावर हळूहळू वेग वाढवूनही पाहिला, पण दोन डाव खेळून भाचा म्हणाला, “मामा, फळी घसरते,” आणि ते खरे होते.

प्लेडेटला फिरवायचे हँडल आहे, आणि विटा फोडण्याचा १९७६ सालचा मूळ खेळ ब्रेकआउट मुळात गोल खुंटी फिरवूनच खेळला जाई. प्रथम मी हँडलचा कोन थेट फळीच्या स्थानाला जोडला, तेव्हा ३५९ अंशांवरून शून्यावर येताच फळी उजव्या भिंतीवरून डावीकडे उडाली. कोनाऐवजी कोनातला बदल घेतल्यावर ती ताळ्यावर आली. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथ चालवणाऱ्या एका मित्राच्या हाती यंत्र दिले, तर खेळ सुरू होण्याआधीच त्याने विचारले, “एका फेऱ्याला किती सरकते?” फळी तेव्हा एका फेऱ्यात पडदा ओलांडत असे, मनगट उलटे पडू नये म्हणून त्याने अर्धा फेरा सुचवला आणि तोच कायम झाला.

प्लेडेटचा पडदा निव्वळ काळा-पांढरा असल्याने विटांचे प्रकार नक्षीने ओळखू आणावे लागतात, शिवाय यंत्र परदेशातून मागवावे लागते. खेळ मित्रांच्या फोनवर एम्युलेटरने (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमने) चालावा एवढाच हेतू असेल, तर गेमबॉय निवडणे कदाचित शहाणपणाचे ठरेल. माझी गेमबॉयची आवृत्ती मात्र फळीपाशीच अडून पडली आहे.