रिमोट मॉनिटरिंग, अकरा महिन्यांनंतर: 2.74 मीटरची गोष्ट

पाण्याच्या टाकीची पातळी दुरून फोनवर दाखवणारी यंत्रणा आमच्याकडे आहे. आरटीयू (सेन्सरचे आकडे मॉडेममार्फत पाठवणारा डबा), सेन्सर, फोनवरचे आलेख यांत फार न शिरता थेट त्या पहाटेवर येतो. फोन आला, "टाकी वाहतेय." अंथरुणातच ॲप उघडलं. पातळी 2.74 मीटर, हिरवा दिवा. टाकी 5 मीटरची, म्हणजे निम्म्याहून जरा वर. फोन करणाऱ्यालाच वेड्यात काढलं. जाऊन बघतो तर पाणी शिडीवरून धो धो खाली.

टाकीवरचा मॉडेम रात्रीच बंद पडला होता आणि यंत्रणा शेवटचा आकडा कवटाळून बसली होती. खालच्या पंपालाही तोच आकडा जात होता, मग तो कशाला थांबतोय? सेन्सरची तार तुटली असती तर लगेच कळलं असतं. सेन्सर पातळी 4 ते 20 मिलीअँपिअरच्या विजेच्या प्रवाहाने कळवतो, त्यात रिकामी टाकी म्हणजे 4 मिलीअँपिअर आणि तुटलेली तार म्हणजे 0. संपर्क तुटला तर मात्र स्क्रीन गप्प! आकड्याशेजारी तो किती वाजताचा आहे एवढं दाखवायला काय जातं? त्याऐवजी टाकीच्या चित्रात लाटा हलवल्यात. मॉडेम मेलेला, लाटा चालू.

सर्व्हिसवाले आधी म्हणाले तुमचं नेटवर्क, मग म्हणाले फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर), शेवटी म्हणाले एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभाल करारात, बसत नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं. पुढचं लिहायला जिवावर येतंय, पण लिहितो. संपर्क तुटला की ठरावीक वेळाने पंप बंद करणारा टायमर यंत्रणेत आहे. तो बसवणाऱ्या पोराने बंद ठेवला होता, कारण तो 10 मिनिटांचा आणि रीडिंग दर 30 मिनिटांनी येणारं. पंप सारखा ट्रिप झाला असता. आणि डेटा वाचवायचा म्हणून रीडिंग 1 मिनिटावरून 30 वर कोणी नेलं होतं? मीच. एका रीडिंगला जेमतेम काही बाइट लागतात. वाचवलं काय, तर शून्य. आता रीडिंग 2 मिनिटांनी येतं, टायमर चालू आहे. मॉडेमची तार मुद्दाम काढून पाहिली, पंप गुमान थांबला.

एका गोष्टीसाठी मात्र यंत्रणेला मानलं. रात्रीच्या आलेखात वापर नसताना, पंप बंद असताना पातळी सरळ रेषेत उतरत होती. आम्ही महिनाभर पाइपलाइनची गळती शोधत फिरलो. निघाला पंपाजवळचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप. फ्लॅपखाली खडा अडकलेला आणि टाकीतलं पाणी उलटं खालच्या हौदात (संपमध्ये). खडा काढल्यावर पंपाचे रोजचे तास 9 वरून 7 वर आले. नुसत्या डोळ्यांनी हे जन्मात सापडलं नसतं.

रीडिंगची वेळ आता रिपोर्टमध्ये दिसते, मुख्य स्क्रीनवर अजून नाही. दोनदा लिहून कळवलं. परवा नवं अपडेट आलं, घाईघाईने उघडलं. लाटांचा निळा रंग बदललाय.