यवतमाळची वीर्य तपासणीवाली लॅब: ५ पैकी ४ स्टार, एक स्टार जिन्यापायी कापला

लॅबचं नाव इथं टाकत नाही, आमच्या गावचे अर्धे पोट्टे हे वाचतात अन् उद्या त्या बोर्डाखाली कोणाची गाडी उभी होती याचा हिशोब पारावर सुरू होईल. ज्याले खरंच गरज आहे त्यानं मेसेज करा, पत्ता देतो, लाजायचं काम नाही.

तर लग्नाले चार वर्षं झाली, लेकरू नाही. या चार वर्षात घरच्या मंडळीच्या तपासण्या किती झाल्या ते ऐका, सोनोग्राफी सहा वेळा, थायरॉईड, शुगर, नळ्या मोकळ्या आहेत का पाहायचा तो औषध सोडून काढतात तो एक्स-रे, ज्यातून बिचारी घामानं ओली होऊन बाहेर आली, वरून मायनं सांगितलेले दोन उपास अन् एक बुवा. माझ्या तपासण्या किती? शून्य. कोणी म्हटलंच नाही. मीही म्हटलं नाही, खोटं कायले बोलू. शेवटी एका डॉक्टर मॅडमनं तिची जाडजूड फाइल चाळली अन् विचारलं, "यांचा रिपोर्ट कुठाय?" मी पंख्याकडं पाहून राहिलो. मॅडमनं मग सरळ सांगितलं का लेकरू न होणाऱ्या जोडप्यांत अर्ध्याच्या आसपास ठिकाणी पुरुषाकडंही काही ना काही कमी निघते, अन् ही तपासणी सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी, सुई नाही चिरा नाही, तीच सगळ्यात शेवटी करता तुम्ही लोक.

पहिल्यांदा पोळ्याच्या सुमारास तालुक्यालेच एका ठिकाणी गेलो, जवळ पडते म्हणून. तिथलं नाव तर मुळीच घेत नाही. काउंटरवरच्या पोरानं लघवीचीच डबी हातात दिली अन् बोटानं संडास दाखवला. कडी तुटलेली, नळाले पाणी नाही, एक पाय दाराले लावून उभा राहिलो, बाहेर शुगरवाले म्हातारे रांगेत, एका बाबानं दोनदा दार वाजवून "झालं का बावा?" म्हणून विचारलं. त्या हालतीत काय होणार आहे, पण झालं कसंबसं, थोडं खालीही सांडलं. डबीवर वेळ लिहिली नाही, कोणी एक शब्द विचारला नाही. पंधरा मिनिटात रिपोर्ट. ९ मिलियन, बाजूले इंग्रजीत एक लांबलचक शब्द, अन् तो पोरगा भरल्या गर्दीत म्हणते, "दादा काउंट लयच कमी आहे तुमचा." एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणजे एका मिलीत नव्वद लाख शुक्राणू, अन् ते कमी! कापसाले असा हिशोब लावला असता तर आमचं घर दुमजली असतं.

त्यानंतर महिनाभर मी कोणाशी धड बोललो नाही. चुलत भावानं एक पावडर आणून दिली, डब्यावर घोड्याचं चित्र, २४०० रुपये, वास मेथीचा. तिचा वेगळा रिव्ह्यू लिहायची गरज नाही, पोट बिघडलं तेवढंच.

दसऱ्यानंतर त्याच मॅडमनं यवतमाळच्या या लॅबची चिठ्ठी दिली. इथं फरक दारातूनच कळते. आधी एका ताईनं आत बसवून, दार लावून, कागदावर सगळं विचारलं. किती दिवसांपासून संबंध नाही? दोनपेक्षा कमी नको अन् सातपेक्षा जास्त नको म्हणे, कमी ठेवले तर आकडा कमी येते, लय दिवस साचवले तर मेलेले जास्त दिसतात. मागच्या तीन महिन्यात ताप आला होता का? खर्रा, बिडी, दारू? ताकदीचं काही इंजेक्शन? लहानपणी नाही तर मोठेपणी गालफुगी झाली होती का? फवारणी करता का? शेवटच्या प्रश्नाले मी चमकलो. अख्खा पावसाळा पाठीवर पंप असते आमच्या, अन् २०१७ च्या फवारणीत आमच्या जिल्ह्यात किती जण गेले ते इथं कोणी विसरलं नाही, पण त्याचा याच्याशी संबंध असू शकते हे डोक्यात नव्हतं. घरी येऊन मोबाईलवर वाचलं तर १९७७ मधे अमेरिकेत कॅलिफोर्नियात डीबीसीपी नावाचं जमिनीतल्या सूत्रकृमी मारायचं औषध बनवणाऱ्या कारखान्यात कामगारांच्याच ध्यानात आलं का आपल्यापैकी कोणालेच पोरं होऊन नाही राहिली, तपासलं तर कितीकांचे शुक्राणू शून्य किंवा शून्याच्या जवळ. ते औषध वेगळं, आपण मारतो ते वेगळं, उगाच सगळ्याले एका माळेत ओवत नाही. पण त्या दिवसापासून हातमोजे घालतो, अन् फवारणीचे कपडे बायकोले धुवाले देत नाही.

नमुना द्यायले वेगळी खोली, आतून कडी, बेसिन, साबण, कागद. भिंतीवर मराठीत सूचना: तेल नको, थुंकी नको, साधा निरोध वापरू नका, पहिला थेंब सांडला तर लपवू नका, सांगा, कारण पहिल्याच भागात शुक्राणू जास्त असतात. मले पोळ्याचा तो संडास आठवला. घरून आणायचं असेल तर एका तासाच्या आत अन् अंगाशी धरून आणायचं, थंड पडू द्यायचं नाही. आता आमच्या गावावरून एसटीनं दीड तास लागते, म्हणजे खेड्यातल्या माणसाले अशी खोली असणारी लॅबच पायजे, दुसरा रस्ता नाही.

अन् हे सगळ्यात भारी. नमुना दिल्यावर ताईनं वेळ लिहिली अन् थांबवून ठेवलं. आधी ते जेलीसारखं गोळा असते, पातळ होऊ द्यावं लागते, सहसा अर्ध्या तासात होते. मग मोजपट्टीच्या काचेवर दोनदा मोजलं, दोन्ही आकडे जुळले तरच लिहितात. मी घाबरत विचारलं, "मले पाहू देता का?" पाहू दिलं. एक डोळा मिटून वाकलो तर आधी काहीच नाही, नुसता उजेड, मग ताईनं चाक थोडं फिरवलं अन् बाप्पा! मृगाच्या पाण्यात डबक्यात बेंडकाची पिल्लं असतात ना तसे, पण त्याहून घाईत, डोकं छोटं चपटं, शेपूट दिसते न दिसते. काही सरळ तीरासारखे निघालेले, काही एकाच जागी गोल गोल, काही नुसते पडलेले. एक तर कचऱ्याच्या कणाले धडका मारून राहिला होता, मागं सरून पुन्हा त्यालेच, म्हटलं हा नक्की माझाच. ताई म्हणाल्या सरळ जाणारे आम्ही वेगळे मोजतो, कामाचे ते. १६७७ मधे हॉलंडच्या लेवेनहूक नावाच्या कापडवाल्या माणसानं घरी घासलेल्या भिंगातून पहिल्यांदा हेच पाहिलं होतं म्हणे. साडेतीनशे वर्षं होत आली अन् आमच्या गावात अजून बाईलेच वांझ म्हणतात.

मग त्यांच्याकडच्या डॉक्टर साहेबांनी दहा मिनिटं दिली, वेगळे पैसे नाही. कागदावर चित्र काढून सांगितलं. वृषणात बारीक नळ्या असतात, सुताच्या गुंडीसारख्या कोंबलेल्या, त्यांच्या कडेले मूळ पेशी, त्या फुटत फुटत आतल्या बाजूले सरकतात, मधे एका टप्प्यावर ४६ गुणसूत्रांची २३ होतात, बाकीची २३ बायकोकडून येतात, मग त्या गोल पेशीले डोकं येते, शेपूट फुटते. बाजूले सर्टोली नावाच्या पेशी असतात, त्या या लेकरांले पोसतात, दाईसारख्या. एवढ्याले सत्तर-चौऱ्याहत्तर दिवस. वरून एपिडिडिमिस नावाची एक नळी, सरळ केली तर सहा मीटरच्या आसपास लांब, तिच्यातून यायले आणखी हप्ता-दोन हप्ते, अन् पोहायची ताकद तिथंच येते. म्हणजे आज डबीत जे आलं त्याची सुरुवात तीन महिन्याआधीची. मी म्हटलं, "साहेब, म्हणजे आज जे बोंड फुटलं ते जूनमधे पेरलेलं?" साहेब म्हणे, "बरोबर. अन् मधात गारपीट झाली होती का ते तुम्ही सांगा."

झाली होती ना. श्रावणात मले पाच दिवस १०३ ताप होता. वृषण अंगाबाहेर लटकवलेत तेच मुळात यासाठी, आतल्यापेक्षा दोन ते चार डिग्री थंडी पायजे त्यांले. जोराचा ताप आला का पुढचे दोन-तीन महिने आकडा पडू शकते, अन् मी तापानंतर महिन्याच्या आतच त्या तालुक्याच्या संडासात पाय लावून उभा होतो! वरून तपासणीच्या आदल्या रात्रीचा हिशोब त्यानं विचारलाच नव्हता, मी सांगितला नव्हता. एका रिपोर्टवर निकाल लावतच नाहीत म्हणे, निदान दोन पायजेत.

दसऱ्यानंतरचा आकडा आला १७ मिलियन, हालचाल ३६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तकात खालची रेघ १६ मिलियन अन् हालचाल ४२ टक्के अशी आहे, म्हणजे एकात पास एकात नापास. पण ती पास-नापासची रेघच नाही म्हणे, तिच्याखालच्यांनाही पोरं होतात, तिच्यावरचेही अडकतात. खाली लिहिलं होतं नॉर्मल आकार ५ टक्के. मी म्हटलं गेलो, शंभरातले पंच्याण्णव वाकडे! ताई हसल्या, चार टक्क्यांच्या वर असलं का चालते म्हणे, सगळ्या माणसांचं असंच असते. बियाणं असं असतं तर कृषी केंद्रवाल्याले आपण उभा जाळला असता.

उभं करून, खोकायले लावून तपासलं तर डाव्या बाजूले वृषणाच्या शिरा थोड्या फुगलेल्या निघाल्या. शंभरातल्या पंधरा पुरुषांले असते, त्यातल्या कितीकांले पोरंही होतात, आत्ता ऑपरेशन नको, पाहू म्हणे. लगेच टेबलावर घेतलं नाही यासाठीच अर्धा स्टार जास्त दिला असता. खर्रा मात्र बंद करायले लावला. तंबाखूचा अन् शुक्राणूचा काय संबंध म्हणून मी वाद घातला, साहेबांनी वाद न घालता "तीन महिने सोडून पाहा, मोफत आहे" एवढंच म्हटलं. माह्या साळ्याची गोष्टही तिथंच निघाली, तो जिममधे बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची सुई घेते. साहेब कपाळाले हात लावून म्हणे त्याले आजच सांगा, बाहेरून हार्मोन मिळालं का मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी समजते माल भरपूर आहे अन् एलएच, एफएसएच हे वृषणाले कामाले लावणारे हार्मोन पाठवणं बंद करते, मग आतला कारखानाच थांबते. बाहेरून पहिलवान, डबीत शून्य. सोडल्यावर बहुतेकांचं परत येते पण महिने लागतात, अन् आपल्या मनानं एकदम सोडू नको, डॉक्टरले विचारून सोड.

अन् आमच्या गावातला तो गैरसमज, वीर्य घट्ट तर माणूस दमदार अन् पातळ तर कमजोर, तोही सांगून टाकतो. वीर्यात शुक्राणूचा वाटा शंभरात पाचाच्या वर नाही, बाकी सगळा रस दुसऱ्या ग्रंथींचा, म्हणून नसबंदी केलेल्या माणसालेही फरक दिसत नाही. डोळ्यानं पाहून काहीच कळत नाही, अन् आकड्याचा मर्दानगीशी संबंध नाही.

जानेवारीत तिसऱ्यांदा गेलो, खर्रा सोडून तीन महिने (मधात दोनदा खाल्ला, ते ताईले खरं सांगितलं). ३१ मिलियन, हालचाल ४७. ताप गेल्यानं का खर्रा गेल्यानं ते साहेबही छातीवर हात ठेवून सांगत नाहीत, म्हणे दोन्ही असू शकते. लेकराची बातमी अजून नाही. पण घरी आता फाइली दोन आहेत, एक तिची एक माझी, अन् मायनं बुवाचं नाव काढणं बंद केलं.

आता कापलेल्या स्टारचं. लॅब दुसऱ्या मजल्यावर, जिना एवढा अरुंद का वरून येणारा ओळखीचा निघाला तर तोंड लपवायले जागा नाही, अन् मले निघालाच, आमच्या पलीकडच्या गावचा मास्तर, दोघंही एकमेकाले "थायरॉईड" म्हणालो. रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत, मराठीत द्या म्हणून सांगून आलो. ७०० रुपये घेतात, पावती मागावी लागत नाही. सकाळी नऊच्या आधी जा, रविवारी बंद, अन् बसस्टँडवरून ऑटोवाला पन्नास म्हणते, तीसात येते.